आनंद (ख्रिस्ती अध्यात्म)

ख्रिस्ती अध्यात्मात आनंद म्हणजे परमेश्वराच्या सान्निध्यातून आणि त्याच्या प्रेमाच्या खात्रीतून अंतःकरणाला लाभणारे समाधान होय. साधकाने स्वतःच्या बळावर मिळवायची ही सिद्धी नव्हे. आद्य ख्रिस्ती प्रेषित पौल याने गलतीकरांस (गलतिया प्रांतातील ख्रिस्ती मंडळ्यांना) लिहिलेल्या पत्रात (५:२२) पवित्र आत्म्याचे फळ सांगताना प्रीतीच्या लगोलग आनंदाचे नाव घेतले आहे. दुःख सरल्यावर आनंद सुरू होतो, असे ही परंपरा मानत नाही. दुःख असतानाही तो टिकतो की नाही, यावरूनच ती त्याचा खरेपणा ओळखते.

बायबलमधील आनंदाची महत्त्वाची वचने संकटाच्या काळातली आहेत. योहानाच्या शुभवर्तमानानुसार येशूने आपला आनंद शिष्यांच्या ठायी राहावा असे म्हटले, ते अटकेच्या आदल्या काही तासांत, आणि त्याच संभाषणात त्याने प्रसूतीच्या वेदना विसरणाऱ्या मातेचा दाखला दिला. प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा, असे फिलिप्पैकरांना बजावणारा पौल तेव्हा स्वतः बंदिवासात होता. त्याच फिलिप्पै नगरात पूर्वी फटके खाऊन, पाय खोड्यात अडकवलेल्या अवस्थेत, त्याने आणि त्याचा सहकारी सीला याने मध्यरात्री स्तोत्रे गायिल्याचे ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात (अध्याय १६) नमूद आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातील हरवलेले मेंढरू, हरवलेले नाणे आणि घर सोडून गेलेला मुलगा या तिन्ही दाखल्यांत मात्र आनंद करणारा आधी देव आहे आणि माणसाला त्या आनंदात सहभागी होण्याचे निमंत्रण आहे. या विषयाचा गाभा येथेच आहे, असे म्हणता येईल.

तेराव्या शतकात धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनस यांनी आनंदाला स्वतंत्र सद्गुण न मानता प्रीतीचा परिणाम मानले. ज्यावर प्रेम आहे त्याच्या चांगलेपणात रमणे म्हणजे आनंद, अशी त्यांची मांडणी असून, दैवी गोष्टींचाच कंटाळा येणे हा त्यांच्या मते या आनंदाला विरोधी असलेला दोष होय.

आनंद खरा की वरवरचा, हे पारखण्याची रीत येशूसंघाचे (जेझुइट) संस्थापक इग्नेशियस लोयोला यांच्या अनुभवातून घडली. १५२१ मध्ये स्पेनमधील पाम्प्लोना येथील लढाईत तोफगोळ्याने पाय जायबंदी झाल्यावर ते घरी अंथरुणाला खिळून होते. सरदारी पराक्रमाची स्वप्ने रंगवताना त्यांना गोडी वाटे, पण ती ओसरली की मन कोरडे पडे. संतचरित्रे वाचून तसे जगण्याचा विचार केला, तर तो विचार संपल्यावरही मन तृप्त राही. मागे काय उरते, हे पाहण्याचा हा निकष त्यांनी पुढे आपल्या आध्यात्मिक साधनेच्या नियमांत आणला. मन उदास व शुष्क असताना पूर्वी केलेला निश्चय बदलू नये, हा त्यांतला नियम अत्यंत व्यवहारी आहे.

फ्रान्सिस्कन संघाचे संस्थापक संत, असिसीचे फ्रान्सिस यांच्याविषयीची एक कथा याहून कठोर आहे. कडाक्याच्या थंडीत, चिखलाने माखलेले, झग्याच्या काठाला गोठलेल्या बर्फाने पाय रक्तबंबाळ झालेले फ्रान्सिस रात्री आपल्याच मठाच्या दारी येतात आणि द्वारपाल त्यांना पुनःपुन्हा हाकलतो. अशा वेळी मनाची शांती न ढळणे हाच खरा आनंद, असे ते आपले सहकारी लिओ यांना सांगतात. यात वेदनेचे कौतुक नाही; मानापमानावर अवलंबून नसलेल्या मनाचे वर्णन आहे.

उपासनेतही आनंदाला नेमलेली जागा आहे. कॅथलिक परंपरेत आगमनकाळातील (नाताळपूर्व तयारीच्या काळातील) तिसरा आणि उपवासकाळातील (ईस्टरपूर्व काळातील) चौथा रविवार आनंदाचे मानले जातात आणि त्या दिवशी जांभळ्याऐवजी गुलाबी वस्त्रे वापरण्याची मुभा असते. पोप सहावे पॉल यांनी १९७५ मध्ये, तर पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये ख्रिस्ती आनंदावर विशेष पत्रके प्रसिद्ध केली.

मराठी ख्रिस्ती समाजात या आनंदाला भक्तिसंगीताची भाषा मिळाली. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आल्याचे सांगत. त्यांनी अभंग व भजनांच्या रूपाने रचलेली गीते आजही मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत गायिली जातात. पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली झालेल्या धर्मजागृतीत पापाच्या जाणिवेने रडणे आणि त्यामागून येणारा हर्ष यांची वर्णने आढळतात.

या शिकवणीचा विपर्यासही होतो. खिन्न माणसाला विश्वासात कमी पडल्याचा दोष दिला जातो; पण बायबलमधील स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रे मोठ्या संख्येने आहेत आणि ८८ वे स्तोत्र तर अंधारातच संपते. कोलकात्याच्या मदर तेरेसा यांची २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली पत्रे दाखवतात की, त्यांनी अनेक दशके देवाच्या सान्निध्याचा अनुभव नसल्याची यातना सोसली, आणि त्याच काळात त्या आपल्या भगिनींना गरिबांची सेवा प्रसन्न मुखाने करण्यास सांगत होत्या.