पॅकेट पकडण्याची गोष्ट: टीसीपीडम्प, लिबपीकॅप आणि वायरशार्क

१९८६ च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियात इंटरनेट तुंबलं. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचं बर्कली विद्यापीठ यांच्यात अंतर जेमतेम ४०० यार्डांचं. एरवी सेकंदाला ३२ हजार बिट वाहून नेणारा हा मार्ग ४० बिटांवर आला, म्हणजे सेकंदाला पाच अक्षरं. दोन पानांचं पत्र कुणी चालत नेऊन दिलं असतं, तर ते आधी पोचलं असतं! प्रयोगशाळेतले व्हॅन जेकबसन आणि विद्यापीठातले माइक कॅरल्स यांनी टीसीपीचं, म्हणजे इंटरनेटवर माहिती धाडण्याच्या नियमांचं, वागणं तपासून गर्दीत वेग आवरण्याची सोय त्यात केली. असल्या कामात तारेवरून प्रत्यक्ष काय धावतंय, हे डोळ्यांना दिसणं भाग होतं.

सन या कंपनीच्या संगणकांवर त्यासाठी इथरफाइंड नावाचा प्रोग्राम होता, पण तो तिच्याच मालकीचा आणि संथ. १९८८ मध्ये जेकबसन, क्रेग लेरेस आणि स्टीव्हन मॅकॅन यांनी तारेवरची वाहतूक पकडून दाखवणारा टीसीपीडम्प हा प्रोग्राम लिहायला घेतला.

खरी अडचण वेगाची होती. नेटवर्कवरून माहिती छोट्या तुकड्यांत, म्हणजे पॅकेटांत, धावते. हवी ती चार पॅकेटं निवडण्यासाठी आलेलं प्रत्येक पॅकेट कर्नलमधून, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातून, प्रोग्रामपर्यंत आणायचं आणि नको ती तिथे फेकायची, यात यंत्राचा दम निघायचा. मॅकॅन आणि जेकबसन यांनी चाळणी थेट कर्नलमध्येच बसवली. ‘टीसीपी पोर्ट ८०’ (म्हणजे फक्त वेबची वाहतूक हवी) असं लिहिलं की त्याचा छोटासा प्रोग्राम बनतो आणि कर्नलमधल्या एका आभासी यंत्रावर चालतो. नको असलेलं पॅकेट कॉपी होण्याआधीच गळतं. या प्रोग्रामला फक्त पुढेच उडी मारता येते, मागे नाही. त्यामुळे तो कधीच फिरत राहत नाही आणि कर्नल अडकत नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत देखणी कल्पना हीच. बर्कली पॅकेट फिल्टर, म्हणजे बीपीएफ, या नावाने तिच्यावरचा निबंध १९९३ च्या जानेवारीत सॅन डिएगोच्या युसनिक्स या संगणक परिषदेत मांडला गेला. आधीच्या रचनेपेक्षा ही चाळणी २० पटींपर्यंत वेगवान आणि सनच्या पॅकेट पकडण्याच्या सोयीशी तुलना केली तर एकूण काम १०० पटींपर्यंत जलद, असा त्यातला दावा होता.

पुढे पकडण्याचा भाग टीसीपीडम्पमधून वेगळा काढून त्याची, इतर प्रोग्रामांनाही वापरता येईल अशी, लायब्ररी केली गेली, ती लिबपीकॅप. प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमची पॅकेट देण्याची तऱ्हा निराळी; ती भानगड लायब्ररीने पोटात घेतली. टीसीपीडम्प नसता तर दुसरं काही आलं असतं, पण लिबपीकॅप नसती तर पुढच्या प्रत्येकाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागली असती. इटलीत तुरीनच्या तंत्रविद्यापीठात तिचा विंडोजसाठीचा अवतार, विनपीकॅप, तयार झाला. १९९९ मध्ये प्रयोगशाळेबाहेरच्या स्वयंसेवकांनी टीसीपीडम्प आणि लिबपीकॅप या दोन्ही प्रकल्पांची देखभाल हाती घेतली.

१९९८ मध्ये कॅन्सस सिटीतल्या एका छोट्या इंटरनेट कंपनीत काम करणाऱ्या जेराल्ड कोम्ब्स यांना नेटवर्क तपासायचं होतं. बाजारातली साधनं दीड हजार डॉलरच्या घरात आणि तीही त्यांच्या सोलारिस-लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर न चालणारी. मग त्यांनी पॅकेटं उलगडून दाखवणारं इथेरिअल लिहिलं आणि जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली खुलं केलं. २००६ मध्ये नोकरी बदलताना नावाचा ट्रेडमार्क जुन्या मालकाकडेच राहिला. कोड मात्र खुला होता, त्यामुळे तो तसाच पुढे आला आणि वायरशार्क या नव्या नावाने वाढला. नाव अडवता येतं, खुला कोड नाही, याचा इतका स्वच्छ दाखला क्वचितच मिळेल. ज्या केस टेक्नॉलॉजीजमध्ये ते गेले, तिच्या संस्थापकांत विनपीकॅपवाले लोरिस डेजोआनी होते.

बीपीएफचं पुढे वेगळंच झालं. अलेक्सी स्टारोव्हॉइटोव्ह यांनी ते आभासी यंत्र मोठं केलं आणि २०१४ मध्ये ते ईबीपीएफ म्हणून लिनक्समध्ये रुजलं. आता त्यावर सुरक्षेची आणि सर्व्हरांवरचा भार वाटून देण्याची कामंही चालतात. जुन्या पद्धतीची चाळणी दिली तर लिनक्स ती आतल्या आत नव्या सूचनांत बदलून घेतो.

पकडलेली पॅकेटं साठवण्याच्या फाइलचं तसं झालं नाही. वायरशार्क २०१२ पासून पीकॅपएनजी हा नवा साचा वापरतं. टीसीपीडम्प मात्र आजही फाइलच्या सुरुवातीला जुनाच आवृत्ती क्रमांक लिहितो: २.४.