नसा बंद म्हणून लसूण? थांबा जरा

डोनरच्या स्टेम सेल (रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी) घेतलेल्या, म्हणजे ट्रान्सप्लांट झालेल्या पेशंटच्या लिव्हरमधल्या 'नसा बंद झाल्या' म्हणजे रक्त घट्ट झालं, मग पातळ करायला लसणीच्या पाकळ्या नाहीतर ॲस्पिरिन द्या, हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. चूक आहे, आणि धोकादायक पण, कारण त्या दिवसांत प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, कित्येकदा 20 हजाराच्याही खाली गेलेल्या असतात, नुसतं दात घासताना आलेलं रक्त थांबता थांबत नाही, त्यात ॲस्पिरिन म्हणजे कहरच.

खरा प्रकार असा की ट्रान्सप्लांटच्या आधी जी जबर केमो देतात, बुसल्फान वगैरे, ती रक्तवाहिन्यांच्या आतलं नाजूक अस्तरच भाजून काढते. लिव्हरमधल्या एकदम बारीक वाहिन्यांचं अस्तर सुजतं, सुटून येतं आणि वाट अडते. जुनं नाव व्हीओडी, म्हणजे शिरा बंद होणं. निम्मा घोळ त्या नावानेच घातलाय, आता एसओएस (सायनुसॉइडल ऑब्स्ट्रक्शन सिंड्रोम, त्या बारीक वाहिन्यांची वाट अडणं) म्हणतात.

म्हणून सांभाळायचं ते अस्तर आणि लिव्हर. उर्सोडीऑक्सिकोलिक ॲसिडच्या गोळ्या आधीपासूनच सुरू करतात, आजार गंभीर झाला तर डेफिब्रोटाइड, त्याला अमेरिकेत 2016 मध्ये मंजुरी मिळाली. पण तेच डेफिब्रोटाइड आजार व्हायच्या आधी देऊन बघितलं तेव्हा मोठ्या ट्रायलमध्ये फायदा काही दिसला नाही.

आणि या आजारात वाढणारं ते वजन! 2 दिवसांत 3 किलो वाढलं की घरचे खूश, "अंगाला लागलं बघ". अहो, चार घास धड जात नाहीत, अंगाला लागणार काय, पाणी साठतंय ते. सोबत उजव्या बरगडीखाली दुखत असेल, डोळे पिवळे वाटत असतील तर सिस्टरना लगेच सांगा, डॉक्टरांच्या राउंडची वाट बघत बसू नका.