छपाईनंतरची नासाडी: कटिंगच्या पात्यामागचा इतिहास

छापखान्यात वाया गेलेल्या कागदाचा हिशेब बहुतेक वेळा छपाईच्या मशीनपाशीच मांडला जातो. रंग जुळेपर्यंत किती शीट गेल्या, एवढेच आपण पाहतो. पण सर्वांत महाग शीट वाया जाते ती त्यापुढे, कटिंग, क्रीझिंग (घडीसाठी कागदावर रेघ दाबणे), घडी आणि बाइंडिंगच्या टेबलावर. तिथे पोचेपर्यंत तिच्यात कागद, चार रंगांची शाई, वीज, मजुरी आणि कधी लॅमिनेशनची फिल्मही पडलेली असते. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, परभणी, बीड कुठेही जा, लग्नसराईच्या घाईत शेकड्यामागे काही शीट जादा लावायचा रिवाज आहे. हा जादा कागद नेमका कशामुळे लागतो, हे मात्र क्वचितच कुणी विचारतो.

कागदाचा जाड गठ्ठा एका दाबात कापणाऱ्या मशीनचे पेटंट फ्रान्समध्ये गियोम मासिको यांनी १८४४ मध्ये घेतले. आजची कटिंग मशीन त्याच घराण्यातली. पाते ताकदवान झाले, पण कुठे कापायचे ते पुढची शंभर-सव्वाशे वर्षे कारागिराच्या डोक्यातच राहिले. जुना कटिंगवाला आधी पाहतो की छपाईच्या वेळी मशीनने शीट कोणत्या कडेने पकडली होती, म्हणजे ग्रिपर कुठला, आणि साइड ले, म्हणजे शीट बाजूने टेकवायची कड, कुठला. गठ्ठ्याच्या त्या दोन कडांवर पेन्सिलची रेघ असते, आणि कापायला सुरुवात त्याच कोपऱ्यापासून होते. विरुद्ध कोपरा धरला, तर कागदाच्या मापातला केसभर फरकही पत्रिकेच्या सोनेरी किनारीत उघडा पडतो. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक. अशी पत्रिका गिऱ्हाईक घेत नाही, आणि खरे तर घेऊही नये.

हा फरक झाकायला ब्लीड आले. कापायच्या रेषेच्या बाहेर चारही बाजूंना साधारण ३ मिलिमीटर रंग पसरवून ठेवायचा. ८९ × ५१ मिलिमीटरच्या व्हिजिटिंग कार्डाला रंगीत पार्श्वभूमी असेल, तर कार्डाच्या क्षेत्रफळावर जवळपास १९ टक्के जादा भाग छापावा लागतो, आणि तो सगळा कातरणीत जातो. पोस्टरला हे प्रमाण नगण्य असते, लहान कामाला जबर. शाईची नासाडी शाईच्या डब्यापाशीच होते असे मानणाऱ्यांनी हा हिशेब एकदा स्वतः करून पाहावा.

स्वयंचलन आधी छपाईत आले. जर्मनीच्या हायडेलबर्ग कंपनीने १९७७ मध्ये शाईच्या चाव्या (शीटवर कुठे किती शाई पडायची ते ठरवणारे स्क्रू) दुरून फिरवणारी सीपीसी यंत्रणा आणली. रंग लवकर जुळू लागले, मेकरेडीच्या, म्हणजे मशीन जुळवताना जाणाऱ्या, शीट घटल्या. पण डिझाइन करणाऱ्याच्या संगणकावरचे माप पात्यापर्यंत जातच नव्हते. जॉबकार्डावर कुणीतरी ते पुन्हा हाताने लिहायचे आणि चुका तिथेच शिरायच्या. ही फट बुजवायला १९९५ मध्ये यंत्रनिर्माते सीआयपी-३ या गटात एकत्र आले. प्रीप्रेस, प्रेस आणि पोस्टप्रेस, म्हणजे छपाईआधीची तयारी, छपाई आणि त्यानंतरचे काम, ही तिन्ही खाती एकाच फाइलीने जोडायची, असा त्यांचा आग्रह होता. पीपीएफ नावाची ही फाइल प्लेटवरच्या चित्रावरून शाईच्या चाव्या आधीच लावते, आणि कापायच्या व घडीच्या रेषाही पुढे कळवते. २००० मध्ये गटाचे नाव सीआयपी-४ झाले आणि जेडीएफ हे या फाइलीचे अधिक व्यापक रूप पुढे आले. मला हा टप्पा पात्याच्या शोधाइतकाच मोठा वाटतो.

दरम्यान १९९३ मध्ये इंडिगो आणि झायकॉन यांची रंगीत डिजिटल मशीन आली होती. पन्नास-शंभर प्रतींची कामे परवडू लागली. पण पन्नास प्रतींसाठी कटिंग लावताना दहा शीट गेल्या तर उरले काय? म्हणून शीटवरच बारकोड आणि रजिस्ट्रेशन मार्क (जुळणीच्या खुणा) छापायची पद्धत रुळली. स्लिटर-क्रीझर, म्हणजे कापणी आणि क्रीझ एकत्र करणारे मशीन, बारकोडावरून काम ओळखते, मार्क पाहून छपाई किती सरकली ते मोजते आणि प्रत्येक शीटसाठी पाते तेवढे सरकवते. गठ्ठा कापताना प्रत्येक शीटची अशी वेगळी दुरुस्ती होऊच शकत नाही.

मराठवाड्याला कागदाची जुनी ओळख आहे. दौलताबाद-खुलताबाद रस्त्यावरच्या कागजीपुऱ्यातली हातकागदाची परंपरा मुहंमद तुघलकाच्या राजधानीच्या काळाशी, म्हणजे चौदाव्या शतकाशी जोडली जाते. चिंध्या आणि रद्दीचा लगदा करून तिथे कागद बनत आला. साध्या कातरणीला असा पुनर्जन्म मिळतो. लॅमिनेशन झालेल्या कातरणीतली प्लॅस्टिकची फिल्म मात्र लगद्यात विरघळत नाही, त्यामुळे ती बहुधा कचऱ्यातच जाते. म्हणून मोजायचेच असेल तर फिल्म चढवल्यानंतर बिघडलेल्या शीट वेगळ्या मोजायला हव्यात.

जेडीएफची सगळी साखळी आपल्याकडच्या लहान छापखान्यांना आज परवडणार नाही. पण तिची पहिली कडी बिनखर्चाची आहे. पीडीएफमध्ये कापायचे माप ट्रिम बॉक्स या चौकटीत नोंदवता येते. कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची उघडी फाइल पेन ड्राइव्हवर फिरवण्याऐवजी हे माप नोंदवलेली पीडीएफ दिली, तरी अर्धी घासाघीस वाचते. त्याच्याही आधी ठरवायचे ते कागदाचे माप. लातूरच्या क्लासेसच्या नोट्स घ्या. २३ × ३६ इंची कागदाच्या २३ इंचांत ए-फोरच्या दोन उंच्या जेमतेम ०.४ इंचाने बसत नाहीत. मग सरळ मांडणीत सहाच पाने निघतात आणि सुमारे ३० टक्के कागद कातरणीत जातो. तेच पान ८.५ × ११ इंचांचे ठेवले तर कापायला जागा सोडूनही आठ पाने बसतात, आणि कातरण दहा टक्क्यांच्या आत येते.