छापील शाई धुऊन काढण्याची अडीचशे वर्षे

छपाईची शाई वनस्पतीपासून बनवणे ही अलीकडची कल्पना नव्हे. पंधराव्या शतकाच्या मध्यास माइन्त्स शहरात योहान गुटेनबर्ग यांनी धातूच्या खिळ्यांनी छपाई सुरू केली, तेव्हा लेखनिकांची पाण्यात कालवलेली शाई धातूवर एकसारखी पसरत नव्हती. म्हणून जवसाचे तेल आटवून दाट करायचे आणि त्यात काजळी घोटायची ही पद्धत रूढ झाली आणि पुढे कित्येक शतके चालली. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू शोषून वाळते आणि त्याचा चिवट पापुद्रा कागदाच्या तंतूंना धरून बसतो. जुने ग्रंथ आजही स्वच्छ वाचता येतात ते या गुणामुळे, आणि छापलेला कागद पुन्हा पांढरा करणे अवघड झाले तेही यामुळेच. शाई कशापासून बनली आणि ती किती सहज सुटते, हे दोन प्रश्न आज एकच असल्यासारखे मांडले जातात. इतिहासात मात्र ते वारंवार वेगळे पडलेले दिसतात.

शाई काढण्याचा पहिला नोंदलेला गंभीर प्रयत्न जर्मनीतल्या ग्योटिंगेन येथील कायदेपंडित युस्टुस क्लाप्रोट यांचा. त्या काळी कागद चिंध्यांपासून होत असे आणि युरोपभर चिंध्यांची टंचाई होती. क्लाप्रोट यांनी एका कागद कारागिराच्या मदतीने छापील कागदाचा लगदा केला, टर्पेंटाइनने तेलकट शाई सैल केली आणि आपण जिला मुलतानी माती म्हणतो तशा जातीच्या मातीने ती शोषून घेतली. १७७४ मध्ये त्यांनी ही कृती एका छोट्या पुस्तिकेत प्रसिद्ध केली आणि ती पुस्तिकाही अशाच धुतलेल्या कागदावर छापली. दावा आणि पुरावा एकाच कागदावर देण्याचा हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. १८०० मध्ये लंडनला मॅथायस कूप्स यांनी याच कामाचे पेटंट घेतले, पण त्यांचा उद्योग थोड्याच वर्षांत बुडाला. पुढे एकोणिसाव्या शतकात लाकडाच्या लगद्यापासून स्वस्त कागद मिळू लागला आणि शाई धुण्याची निकड मागे पडली.

दरम्यान शाईही बदलली. वेगाने फिरणाऱ्या यंत्रांवर वृत्तपत्रे छापण्यासाठी स्वस्त खनिज तेलातील शाई आली. ती वाळत नाही, फक्त कागदात मुरते. सकाळचा पेपर वाचताना बोटे काळी होतात ती त्यामुळे. कागद गिरण्यांच्या दृष्टीने मात्र हे सोयीचेच ठरले, कारण न वाळलेली शाई तंतूंना घट्ट धरून राहत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खाणींमधील खनिज वेगळे करण्याची एक रीत गिरण्यांनी उचलली. रद्दी कॉस्टिक सोडा, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि साबण घातलेल्या पाण्यात घुसळायची, खालून हवेचे बुडबुडे सोडायचे, बुडबुड्यांना चिकटून वर आलेला शाईचा काळा फेस काढून टाकायचा आणि खाली उरलेला लगदा कागदासाठी घ्यायचा, अशी ती रीत आहे.

१९७०च्या दशकात खनिज तेल महागले, तेव्हा अमेरिकेतील वृत्तपत्र प्रकाशकांच्या संघटनेने पर्याय शोधायला घेतला आणि शोध सोयाबीनच्या तेलापाशी येऊन थांबला. १९८७ मध्ये आयोवा राज्यातील सीडर रॅपिड्सच्या 'द गॅझेट' या दैनिकाने सोयाशाई प्रथम वापरली. सोयाबीनचे तेल फिकट असल्याने रंग उजळ उठत आणि रंगीत छपाईत ही शाई परवडे. काळी शाई मात्र खनिज तेलाच्या शाईपेक्षा महाग पडे. १९९४ च्या अमेरिकी कायद्याने सरकारी ऑफसेट छपाईसाठी वनस्पती तेलाचे किमान प्रमाण ठरवून दिले: वृत्तपत्री शाईत ४० टक्के, सुट्या कागदांवर छापण्याच्या (शीट-फेड) शाईत २० टक्के, उष्णतेने वाळवायच्या (हीटसेट) शाईत १० टक्के. हा कायदा तेलाचे प्रमाण मोजतो. लगद्यातून शाई किती सुटते, हे मोजत नाही.

आणि खरी अडचण तिथेच आहे. वाळणारी वनस्पती तेले वेळ आणि उष्णता मिळाली की घट्ट होत जातात. त्यामुळे उन्हाळ्यात साठून राहिलेली रद्दी ताज्या रद्दीपेक्षा नीट धुतली जात नाही, हे गिरण्यांच्या अनुभवाचे आहे. लवचिक ठशांनी छापण्याच्या, पाण्यावर आधारित फ्लेक्सो शाईने तर सगळ्यांना चकवले. तिच्यात घातक द्रावके जवळजवळ नसतात, पण लगद्यात तिचे कण इतके बारीक आणि पाण्याशी सलगी करणारे होतात की बुडबुडे त्यांना उचलतच नाहीत आणि सगळा लगदा करडा पडतो. १९८९ मध्ये युरोपात स्थापन झालेल्या 'इंगेडे' या संस्थेने छापील माल धुतला जातो की नाही हे प्रयोगशाळेत तपासण्याच्या पद्धती ठरवल्या, त्या या अनुभवांतूनच.

२०१०च्या सुमारास स्वित्झर्लंडमधील झ्युरिकच्या सरकारी अन्न-तपासणी प्रयोगशाळेने पुनर्वापरित पुठ्ठ्यातून खनिज तेलाचे अंश अन्नात उतरतात हे दाखवून दिल्यावर चर्चेला आरोग्याची बाजू जोडली गेली. फ्रान्सने २०२२ पासून वेष्टनांवर आणि २०२५ पासून लोकांसाठीच्या इतर छापील मालावरही खनिज तेलयुक्त शाईला बंदी केली. भारतात अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनी वडापाव, भजी यांसारखे पदार्थ वर्तमानपत्रात बांधून देणे निषिद्ध ठरवले. तरी आपल्याकडची बरीच रद्दी शाई न काढताच पुठ्ठ्यात जाते. औषधाच्या किंवा मिठाईच्या खोक्याचा आतला करडा रंग हा बऱ्याचदा त्या शाईचाच असतो. शाईत काय आहे, ही विचारणाही आपल्याला परकी नाही: चरबीच्या शंकेने सोवळे लोक छापील पोथ्या नाकारत, म्हणून एकोणिसाव्या शतकात मुंबईत मुद्रक गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई करून धर्मग्रंथ छापले होते.

आता हाच प्रश्न प्लॅस्टिककडे सरकला आहे. बाटलीवर आवळून बसवलेल्या वेष्टनाची शाई गरम कॉस्टिकच्या पाण्यात विरघळून बाटलीच्या तुकड्यांना रंग देत असे. म्हणून ती पूर्ण सुटावी, पण तुकड्यांवर डाग न ठेवता गाळणीत अडकावी, अशा शाया विकसित झाल्या. लवचिक पिशव्यांच्या शाईत बंधक, म्हणजे रंगाचे कण धरून ठेवणारा पदार्थ, म्हणून वर्षानुवर्षे नायट्रोसेल्युलोज वापरले गेले. ते कापूस किंवा लाकडाच्या सेल्युलोजपासून होते, म्हणजे मुळात वनस्पतिजन्यच. पण प्लॅस्टिक पुन्हा वितळवताना उष्णतेने त्याचे विघटन होते आणि माल पिवळा पडून त्याला वास येतो. त्याच्या जागी आलेली पॉलियुरेथेनसारखी बंधके बहुतांशी खनिज तेलापासून बनतात, आणि त्यांचाही काही भाग वनस्पती तेलांतून मिळवण्याचे काम आज शाई उत्पादक करत आहेत.