सुमो-१ च्या त्रिमितीय रचनेची पार्श्वभूमी

सुमो-१ हे युबिक्विटिनसारखे एक छोटे प्रथिन, म्हणून आधी युबिक्विटिन समजून घ्यावे लागते. पेशी इतर प्रथिनांना जोडते ते हे छोटे प्रथिन १९७५ मध्ये सापडले आणि १९८७ मध्ये त्याच्या स्फटिकाची रचना १.८ अँगस्ट्रॉमपर्यंत (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) स्पष्ट झाली: ७६ अमिनो आम्ले, पाच धाग्यांची बीटा-चादर, तिच्या कुशीत साडेतीन वेढ्यांचे एक अल्फा-हेलिक्स, आणि मागे मोकळी शेपटी. प्रोटीन डेटा बँकेतली (प्रथिनांच्या रचनांच्या सार्वजनिक संग्रहातली) ती फाइल आजही नवशिक्यांच्या हाती दिली जाते. तिच्या शेवटच्या दोन ग्लायसिनांपुढे 'ऑक्युपन्सी'च्या (अणू त्या जागी किती प्रमाणात सापडतो याच्या) रकान्यात ०.२५ हा आकडा आहे. शेपटी स्फटिकातसुद्धा एका जागी ठरत नव्हती, असा त्याचा सरळ अर्थ. चित्रात ती ठसठशीत दिसते, म्हणून हा रकाना बहुतेक जण वाचतच नाहीत.

सुमो-१ ची गोष्ट १९९६ मध्ये सुरू होते. केंद्रकाच्या छिद्रांपाशी काम करणारे रॅनजीएपी१ हे प्रथिन जेलवर (प्रथिने वजनानुसार पट्ट्यांत वेगळी करणाऱ्या थरावर) दोन ठिकाणी दिसत होते, ७० आणि ९० किलोडाल्टनच्या (रेणूच्या वजनाच्या एककाच्या) आसपास. वरच्या पट्ट्यातल्या प्रथिनाला युबिक्विटिनसारखे एक छोटे प्रथिन सहसंयुज बंधाने जोडलेले निघाले. याच सुमारास वेगवेगळ्या प्रयोगशाळांना तेच प्रथिन वेगवेगळ्या वाटांनी सापडले, त्यामुळे जुन्या लेखांत ते पीआयसी१, यूबीएल१, सेंट्रिन अशा नावांनीही भेटते. सुमो-१ हे नाव १९९७ चे. जेलवरच्या आकड्यांतही एक मेख आहे: सुमो-१ चे खरे वजन सुमारे ११ किलोडाल्टन, पण ते जोडले गेले की पट्टा २० च्या आसपास वर सरकतो. ७० मध्ये ११ मिळवून ८१ ला पट्टा शोधणाऱ्याला तिथे काही सापडत नाही.

युबिक्विटिनशी त्याचा अनुक्रम जेमतेम १८ टक्के जुळतो. एवढ्या कमी साम्यावर 'घडी (साखळी दुमडून होणारा आकार) तीच असेल' हा अंदाजच होता. तो खरा ठरला १९९८ मध्ये, एनएमआरने (चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रांचे संकेत मोजण्याच्या पद्धतीने) काढलेल्या पहिल्या रचनेमुळे. बीटा-बीटा-अल्फा-बीटा-बीटा-अल्फा-बीटा हा क्रम तोच निघाला. गाभ्यातली जलविरोधी अमिनो आम्ले जपलेली होती, आणि टोकाकडचे दोन ग्लायसिन (९६ व्या आणि ९७ व्या जागेचे) युबिक्विटिनमध्ये असतात त्याच जागी होते. पृष्ठभागावरची विद्युतभारांची मांडणी मात्र पार निराळी होती. सुमोला जोडणारी आणि तोडणारी एन्झाइमे वेगळी का लागतात, याचा धागा इथे मिळाला.

आणखी एक फरक समोरच्या टोकाचा. सुमो-१ च्या सुरुवातीची सुमारे वीस अमिनो आम्ले युबिक्विटिनमध्ये नाहीतच, आणि ती कुठल्याच ठरावीक आकारात बसत नाहीत. एनएमआरमध्ये रचना उभी राहते ती साधारण ५ अँगस्ट्रॉमच्या आतल्या हायड्रोजन-जोड्यांच्या अंतरांवर. या टोकाला बाकीच्या प्रथिनाशी अशी लांब पल्ल्याची अंतरे मिळत नाहीत, म्हणून मॉडेलांच्या जुडग्यात प्रत्येक मॉडेलमध्ये ते वेगळ्याच दिशेला गेलेले दिसते. त्यातले एकच मॉडेल उचलून टोकाची दिशा सांगणे चूक. दोन रचना एकमेकींवर बसवतानाही २० च्या पुढचा घडीचा भागच घ्यावा, नाहीतर विचलनाचा (दोन रचनांतल्या सरासरी फरकाचा) आकडा विनाकारण फुगतो.

सुमोचे रेणू एकमेकांना जोडून साखळ्या करतात का, हा प्रश्नही याच टोकाशी येऊन थांबला. युबिक्विटिन ज्या लायसिन ४८ वर आपलीच साखळी वाढवते, त्या जागी सुमो-१ मध्ये ग्लुटामिन ६९ आहे. म्हणून त्याच्या साखळ्या दिसत नसाव्यात, असे १९९८ मध्ये मांडले गेले. मांडणी सयुक्तिक होती, पण अपुरी ठरली. २००१ मध्ये दिसले की सुमो-२ आणि सुमो-३ ही भावंडे साखळ्या करतात, आणि त्यासाठी वापरतात लायसिन ११, म्हणजे नेमका त्या लवचिक टोकातला. सुमो-१ मध्ये तसा लायसिन तिथे नाही. सगळ्यांची नजर घडीवर होती आणि उत्तर होते चित्रात सर्वांत धूसर असलेल्या भागात.

घडीची भूमिका पुढे दुसऱ्या बाबतीत स्पष्ट झाली. युबिक्विटिनला ओळखणारी बरीच प्रथिने ल्युसिन ८, आयसोल्युसिन ४४ आणि व्हॅलिन ७० यांच्या जलविरोधी ठिगळावर बसतात. सुमोची ओळख पटते ती दुसऱ्या बीटा-धाग्याच्या आणि हेलिक्सच्या मधल्या खाचेत. सुमोला ओळखणाऱ्या प्रथिनाचा व्हॅलिन-आयसोल्युसिनांचा छोटा तुकडा तिथे चादरीला आणखी एका धाग्यासारखा जोडला जातो.

हे प्रथिन प्रयोगशाळेत बनवणे तसे सोपे. ई. कोलाय या जिवाणूमध्ये सुमोची यंत्रणा मुळात नसल्याने ते सुटे मिळते. बिघडते ते टोकांपाशी. पेशीत ते आधी १०१ अमिनो आम्लांचे बनते आणि शेवटची चार कापली गेल्यावरच ग्लायसिन ९७ उघडा पडतो. पूर्ण लांबीचे जनुक वापरले तर घडी व्यवस्थित होते, पण ई१ एन्झाइम (जोडणीची पहिली पायरी करणारे) त्याला हात लावत नाही. जोडणीचे प्रयोग करायचे असतील तर जनुक ९७ वरच थांबवावे आणि हिस्टिडिनांचा टॅग (शुद्धीकरणासाठीची जोड-खूण) सुरुवातीच्या टोकाला लावावा. सिस्टीन ५२ मुळे दोन रेणू डायसल्फाइड बंधाने जुळू शकतात. म्हणून बफरमध्ये डीटीटी (असे बंध तोडणारे रसायन) ठेवावे.

यीस्टमधल्या सुमोची (एसएमटी३) आणि त्याला कापणाऱ्या यूएलपी१ ची एकत्र रचना २००० मध्ये आली. हे एन्झाइम नुसता अनुक्रम वाचत नाही, घडी झालेला पृष्ठभाग धरते आणि ग्लायसिन-ग्लायसिनच्या लगेच पुढे कापते. म्हणूनच सुमो हा जोड-टॅग म्हणून (दुसऱ्या प्रथिनाच्या पुढे जोडून नंतर कापून टाकायचा तुकडा म्हणून) इतका चालला: कापल्यावर हव्या त्या प्रथिनाला एकही जादा अमिनो आम्ल चिकटून राहत नाही. मात्र त्या प्रथिनाचे पहिलेच अमिनो आम्ल प्रोलिन असेल तर काप नीट होत नाही, आणि जोड-प्रथिनाचा गोळा होऊन कापाची जागा आत दडली असेल तर एन्झाइम कितीही वाढवले तरी पट्टा हलत नाही.