कर्ता, कारक आणि ‘ने’: पार्श्वभूमी

‘मला आंबा आवडतो’ या वाक्यातला कर्ता कोणता? शाळेत आणि स्पर्धा परीक्षांत उत्तर ठरलेलं आहे. धातूला ‘-णारा’ लावायचा, ‘आवडणारा कोण?’ असं विचारायचं, उत्तर आंबा. ‘मला थंडी वाजते’मध्ये थंडी. ‘तिने पोळी लाटली’मध्ये हीच युक्ती लाटणारीला कर्ता ठरवते, क्रियापद मात्र पोळीप्रमाणे चालतं. म्हणजे इथे काम करणारी सापडली आणि तिथे काहीच न करणारा आंबा. दोघांनाही आपण एकच नाव देतो.

मुळात हा घोळ नव्हता. पाणिनीच्या अष्टाध्यायीत, म्हणजे संस्कृत व्याकरणाच्या सूत्रग्रंथात, ‘स्वतन्त्रः कर्ता’ (१.४.५४) एवढीच व्याख्या आहे: त्या क्रियेत जो स्वतंत्र म्हणून सांगितला, तो कर्ता. जिवंतपणाची किंवा इच्छेची अट नाही, म्हणून ‘स्थाली पचति’, भांडं शिजवतं, हेही चालतं. कर्ता हे एक कारक, म्हणजे शब्दाचं क्रियेशी असलेलं नातं; विभक्ती, म्हणजे शब्दाला लागणारा प्रत्यय, ही वेगळी गोष्ट. ‘रामेण बाणेन हतो वाली’ (रामाने बाणाने वाली मारला) यात राम कर्ता, बाण करण म्हणजे साधन, तृतीया दोघांनाही. मराठी शालेय व्याकरणाने पुढे ‘प्रथमा म्हणजे कर्ता, तृतीया म्हणजे करण’ असा तक्ता पाठ करायला दिला आणि कारक विभक्तीच्या खुंटीला बांधलं. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान या तक्त्याने केलं, कारण ‘रामाने आंबा खाल्ला’ या साध्या वाक्यातच तो मोडतो.

पाश्चात्त्य भाषाविज्ञानात अर्थाच्या भूमिका वाक्यरचनेपासून वेगळ्या काढायचं काम १९६० च्या दशकात जोरात सुरू झालं. १९६८ च्या एका गाजलेल्या निबंधात क्रियेला सुरुवात करणारा, साधारणपणे सजीव, अशी कर्त्याची भूमिका मांडली गेली. लगेच अडचण आली ती वारा, पूर, वीज यांची: क्रिया घडवतात, पण सजीव नाहीत. नव्या भूमिका सुचवल्या गेल्या, याद्या लांबत गेल्या, किती भूमिका मानायच्या यावर एकमत होईना. १९९१ मध्ये एका लेखाने यादीच बाजूला ठेवली. इच्छा, जाणीव, घटना घडवणं, हालचाल, घटनेबाहेरचं अस्तित्व ही लक्षणं ज्याच्याकडे जास्त, तो कर्तेपणाच्या जास्त जवळ. कर्तेपणाला पायऱ्या आहेत, हा या वादातला मला सर्वांत पटलेला निर्णय.

मराठीत त्याचा उपयोग लगेच दिसतो. ‘वाऱ्याने दार उघडलं’मध्ये वाऱ्याने उघडलं, की वाऱ्यामुळे दार आपोआप उघडलं? ‘उघडणे’ सकर्मकही आहे आणि अकर्मकही, त्यामुळे भूतकाळातला ‘ने’ काहीच सांगत नाही. वाक्य भविष्यकाळात न्या: ‘वारा दार उघडेल’ आणि ‘वाऱ्याने दार उघडेल’, दोन्ही बसतात. ‘सुरीने बोट कापलं’चं तसं करा. ‘सुरीने बोट कापेल’ सहज येतं, ‘सुरी बोट कापेल’ म्हणताना जीभ अडते. म्हणजे कर्तेपणात वारा सुरीपेक्षा वरच्या पायरीवर.