माउंटन हेरिटेज सेंटर

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात कलोव्ही येथील वेस्टर्न कॅरोलायना विद्यापीठाचे संग्रहालय. दक्षिण अ‍ॅपलाचियन डोंगररांगांमधील लोकजीवन, हस्तकला आणि निसर्ग हे त्याचे विषय. त्याची सुरुवात १९७० च्या दशकात झाली. पूर्वी ते विद्यापीठाच्या प्रशासकीय इमारतीत होते. पुढे हंटर ग्रंथालयात हलवण्यात आले.

हा मुलूख मुळात चेरोकी या अमेरिकेतील मूळ रहिवासी जमातीचा. विद्यापीठाच्या आवारातच त्यांचे जुने गाव होते आणि त्या गावाचा मातीचा उंच चौथरा १९५० च्या दशकात इमारत बांधताना सपाट करण्यात आला. ही हानी भरून येणारी नाही, आणि चेरोकी वस्तू पाहताना ती विसरताही येत नाही. १८३८ मध्ये बहुतेक चेरोकींना सक्तीने पश्चिमेकडे हाकलण्यात आले. डोंगरात टिकून राहिलेल्यांचे वंशज आजही जवळच्या क्वाला बाउंडरी या चेरोकींच्या प्रदेशात राहतात.

त्यांच्या टोपल्यांतून इथल्या जंगलाची ओळख होते. नदीकाठी उगवणारा बांबूच्या कुळातला वेत चिरून त्याच्या पातळ कामट्या काढतात. काळ्या अक्रोडाच्या मुळांपासून गडद तपकिरी रंग मिळतो, तर ब्लडरूट या रानवनस्पतीच्या मुळापासून नारिंगी-तांबडा. दुहेरी विणीची टोपली आतून विणत काठापर्यंत आणतात आणि त्याच कामट्या वळवून बाहेरची बाजू विणत खाली नेतात. शेती आणि वस्त्यांमुळे वेताची बेटे आटली, तसा पांढऱ्या ओकचा वापर वाढला. कलेतला हा बदल म्हणजे पर्यावरणाचीच नोंद होय.

अठराव्या शतकात आयर्लंडच्या अल्स्टर भागातून आलेल्या स्कॉच-आयरिश कुटुंबांनी इथे घरे वसवली. त्यांच्या स्थलांतरावर संग्रहालयाने प्रदर्शन मांडले होते. या डोंगरी घरांचा मोठा आधार होता अमेरिकन चेस्टनट हा वृक्ष. कुंपणापासून घराच्या लाकडापर्यंत सगळे त्याचेच, आणि खाली पडलेल्या फळांवर डुकरे पोसली जात. आशियातून आलेल्या बुरशीचा रोग १९०४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आढळला आणि पुढच्या काही दशकांत ही झाडे अब्जावधींनी मेली.

१९०४ मध्येच ग्रंथपाल होरेस केपहार्ट या डोंगरात राहायला आला. त्याने डोंगरी लोकांविषयी लिहिले. बेसुमार लाकूडतोडीत जंगल संपताना पाहून त्याने राष्ट्रीय उद्यानाची मागणी लावून धरली. ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यान १९३४ मध्ये स्थापन झाले, पण केपहार्ट १९३१ मध्येच मोटार अपघातात मरण पावला होता. त्याची कागदपत्रे व रानातल्या मुक्कामाचे सामान विद्यापीठाने जपले आहे.

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी विद्यापीठात ‘माउंटन हेरिटेज डे’ भरतो. त्यात बँजो-फिडल या तंतुवाद्यांचे वादन, पाय आपटून ताल धरणारे क्लॉगिंग नृत्य, शेप-नोट पद्धतीचे (स्वर वेगवेगळ्या आकारांच्या चिन्हांनी लिहिलेले) समूहगान आणि काठ्या व चेंडूने खेळायचा चेरोकींचा स्टिकबॉल हा खेळ असतो. बँजो आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांनी रुजवला; म्हणून या डोंगरी संगीताला केवळ गोऱ्या वसाहतकारांचा वारसा म्हणणे चुकीचे ठरेल.